पावलीचा उजेड

६ ऑक्टोबर १९४६, रविवार. पाचगणी.

भाड्याच्या तिन्ही घरांत विजेचे मीटर बसले. सांगलीचा मिस्त्री दोन दिवस खपत होता, आज दुपारच्या मोटारीने गेला. मीटर विलायती आहेत, मुंबईतल्या एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावात मिळाले. तिकडे त्यात सहा पेनीचे नाणे घालतात. आपली पावली त्याच मापाची, केसभर लहान. मिस्त्रीने खाच थोडी आवळून दिली. पावली घालायची, मूठ फिरवायची. नाणे पेटीत पडते आणि अर्धा युनिट वीज मिळते. ती संपली की दिवा जातो. चाळीस वॅटचा एक दिवा साडेबारा तास जळतो.

मला हे यंत्र आवडते. कोणी कोणाकडे मागायला नको, कोणी कोणाला बोलायला नको.

गेल्या उन्हाळ्यात भाडेकरू टेबललँडवर फिरायला जात आणि मागे सगळे दिवे चालू ठेवत. भाड्याचा निम्मा पैसा विजेत गेला. मुलाचे, मधुकरचे पत्र आले आहे. संक्रांतीपर्यंत तिन्ही घरे स्वतःचा खर्च भागवू लागली तर खुशाल राहा, नाहीतर मुंबईचे गिऱ्हाईक तयार आहे, विकून सांगलीला या. मागची खोली रंगवून ठेवली आहे. त्या खोलीची खिडकी मला माहीत आहे. हात बाहेर काढला की शेजाऱ्याच्या भिंतीला लागतो.

गोदावरी गेली त्याला पाच महिने झाले. अठ्ठावीस वर्षांत तिचे नाव मी कधी घेतले नाही. इथे लिहून पाहिले. परके वाटते. 'ही' बरे.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

एक नंबरात सांगलीचे वकील आणि त्यांची पत्नी उतरली आहेत. सकाळी वकील अंगणातूनच ओरडले, "मास्तर, देवळात पैसा टाकला नाही तरी देव दिसतो हो. तुमच्याकडे पैसा टाकल्याशिवाय बायकोसुद्धा दिसत नाही!"

आतून बाई म्हणाल्या, "काही नुकसान नाही दोघांचंही."

दिवेलागणीला वकील एक रुपया मोडून मागायला आले. मी म्हटले, आता नाही, सकाळी देतो. तिन्हीसांजेला घरातून पैसा, मीठ, विरजण बाहेर जाऊ द्यायचे नाही हा हिचा नियम. मी तिची थट्टा करत असे. लक्ष्मीने काही वेळापत्रक छापून दिले आहे का, असे विचारत असे. आता मीच पाळतो.

वकील म्हणाले, "तुम्ही तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंत ना?"

मी म्हटले, "हो."

त्यांनी मेणबत्ती लावली.

२३ ऑक्टोबर.

वकील चार दिवस आधीच गेले. दिवाळी घरी करायची म्हणाले.

२ नोव्हेंबर, शनिवार.

दोन नंबर भाड्याने गेला. वडूजकडची बाई, राहीबाई, आणि तिचा मुलगा नाथाजी. नवरा शेतावर आहे. भाडे संक्रांतीपर्यंतचे आगाऊ दिले. बाई पन्नाशीची, काटक. गळ्यात डोरले आणि चांदीच्या नाण्यांची माळ. चालताना माळ वाजते. पाठमोरे असलो तरी बाई आली हे कळते.

मुलगा पलटणीत होता. सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला, साडेतीन वर्षे तिकडे काढून गेल्या वर्षी परत आला. लंगडत नाही, खोकत नाही. बारीक आहे एवढेच. मी विचारले, इथली हवा कशासाठी?

"डाक्तरनं सांगितलीया," बाई म्हणाली.

पण तिने हवा पाहिली नाही. खिडक्या उघडून दाखवल्या तर तिचे डोळे छताकडे. "ह्यो दिवा रातभर जळतोय न्हवं? मधीच जात न्हाई न्हवं?"

"पावली असेल तोवर जात नाही."

तिने बटण तीनदा वरखाली केले. "वडूजला राकेल रेशनवर. आठवड्याला एक बाटली. चार दिस बी पुरत न्हाई."

चार दिवसांत एक बाटली कशी संपते मला कळले नाही. या लोकांना मोजून वापरायची सवय नसावी.

मुलगा दाराशी उभा होता. बाहेरची कडी हातात धरून पाहत होता. "ही भायेरनं लागती?"

म्हटले, घर रिकामे असते तेव्हा कुलूप लावायला.

३ नोव्हेंबर.

सकाळी माझ्या ओसरीवर दोन नंबरची कडी ठेवलेली. चारही स्क्रू कागदाच्या पुडीत, पुडी सुबक बांधलेली. काम स्वच्छ केले आहे.

१० नोव्हेंबर, रविवार.

पेट्या उघडल्या. एक आणि तीन नंबर रिकामेच. दोन नंबरात आठ दिवसांत आठ पावल्या. म्हणजे चाळीसचा दिवा रोज साडेबारा तास. दिवा मालवायचे विसरत असावेत. विजेला वास नाही, काजळी नाही, म्हणून जळते आहे हे लक्षात येत नसेल.

मला तक्रार करायचे कारण नाही. असेच चालले तर संक्रांतीचा हिशेब जुळेल.

१३ नोव्हेंबर.

दिवेलागणीला माळ वाजली. राहीबाई पायरीखाली उभी होती. वर आली नाही.

"आवं मास्तर, बंदा रुपाया हाय. चार पावल्या देता का?"

"आता दिवेलागण झाली, राहीबाई. सकाळी या."

तिने लगेच कपाळाला हात लावला. "व्हय की. माझंच ध्यान न्हाई. तिनीसांजंचं मागू ने." जायला वळली, मग थांबली. "मालकिणीचा नेम व्हता व्हय?"

मी हो म्हटले. तिला कसे कळले कोण जाणे.

ती अंगणात थोडा वेळ उभी राहिली, दोन नंबरकडे पाहत. तिथे अजून दिवा नव्हता. नाथाजी दारातच, चौकटीला पाठ लावून. मग ती आत गेली. खिळ्यावर कानस घासल्यासारखा आवाज आला. दिवा लागला.

म्हणजे त्यांच्याकडे नाणे होते. मग मागायला का आली?

सकाळी चार पावल्या नेल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार.

दोन नंबरच्या पेटीत एक राणीछाप पावली निघाली. चांदीची. राणीचा चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. कडेला सोनाराच्या जोडकामाचा असतो तसा डाखाचा ठिपका, वरून घासून साफ केलेला. राणीछाप चलनातून बाद होऊन पाच वर्षे झाली. पण मीटरला राणी काय आणि राजा काय, माप जुळले की झाले.

खेड्यात लोक गाडग्यात नाणी पुरून ठेवतात. तशातली असेल.

२१ नोव्हेंबर.

नाथाजी दुपारी ओसरीवर येऊन बसतो. बोलत नाही. आज एकाएकी म्हणाला, "मास्तर, त्ये मीटर आतून कसं चालतंय?"

एक नंबरचे मीटर रिकामेच आहे. झाकण काढून दाखवले. चकती, चुंबक, दाते. एक दाता फिरला की किती वीज गेली. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. मी खडू आणला, फरशीवर आकृती काढली. आवाज चढला असावा. खाली रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थांबून पाहू लागला.

शेवटी नाथाजीने विचारले, "वीज साठवून ठिवता येती का, मास्तर? दिसाची रातीला?"

मी बॅटरीविषयी सांगितले. चांगला प्रश्न होता. तीस वर्षांत इतके लक्ष देणारे विद्यार्थी मला दोनच मिळाले.

जाता जाता त्याला म्हटले, झोपताना दिवा मालवत जा. निम्मा खर्च वाचेल.

तो म्हणाला, "व्हय."

आकृती पुसली नाही.

१ डिसेंबर, रविवार.

दोन नंबरच्या पेटीत आतापर्यंत सहा राणीछाप. राहीबाई सकाळी माझ्याकडून पावल्या नेते, पण कमी नेते. एखाद्या दिवशी एक, एखाद्या दिवशी काहीच नाही. दिवा मात्र रोजचा तितकाच.

भाकरी आणि वांग्याचे भरीत देऊन गेली. आली ते कळले नाही. वळून पाहिले तर ताट घेऊन उभी.

"कवाची हुबी हाय मी," ती हसून म्हणाली. "मास्तरांस्नी ऐकू कमी येतंया व्हय?"

खरेच कमी येत असेल. पूर्वी तिची चाहूल लागत असे.

भाकरी गरम होती. दीड खाल्ली.

८ डिसेंबर, रविवार.

राणीछाप अकरा झाल्या. हे बरोबर नव्हे. बाजारात ती पावली कोणी घेणार नाही, मोडीत चांदीच्या भावाने द्यावी लागेल. भाव पावलीपेक्षा जास्तच येईल, म्हणजे माझा तोटा नाही. पण शिस्त म्हणून काही आहे. पुठ्ठ्यावर सूचना लिहून तिन्ही मीटरांवर लावली: 'चलनातून बाद झालेली जुनी नाणी यात घालू नयेत. यंत्र बिघडते.'

यंत्र बिघडत नाही. वजन यावे म्हणून लिहिले. लिहिल्यावर बरे वाटले नाही.

९ डिसेंबर.

सकाळी दार उघडले तर नाथाजी माझ्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून बसलेला. अंगावर घोंगडे नाही. दात वाजत होते. वर ओसरीचा दिवा आहे, पण तो मी नऊलाच मालवतो.

"उजाडलं न्हवं, मास्तर?"

म्हटले, "हो. उजाडलं."

"मग हरकत न्हाई."

चहा दिला. कप दोन्ही हातांनी धरून त्याने तो संपवला. मग सांगितले, एवढेच: दिवा संपला. जुनी नाणी घालू नका अशी पाटी आहे, तर घालायची नाहीत, असे आई म्हणाली. तिकडे एका खोलीत कोंडले होते, तिला खिडकी नव्हती. किती दिवस ते मोजायला दिवस दिसत नव्हता. सोबतीला सातारचाच एक जण होता, तो बोलायचा. मग बोलायचा थांबला. अंधारात ते लगेच कळले नाही.

"उजेड असला म्हंजे मी झोपतो," तो म्हणाला. "लय चांगला झोपतो."

राहीबाई आली. डोळे लाल. तिने त्याच्या खांद्यावर घोंगडे टाकले. "चल रं, भाकरी निवाया लागली."

१० डिसेंबर.

उपाय सापडला. चाळीसचा दिवा काढून पंधराचा लावायचा. पावलीला तेहेतीस तास जातात. दोन रात्री निघतील, वर सहा-सात तास उरतील. शिवाय मंद उजेडाची सवय झाली की पुढे अंधाराचीही होईल. पायरीपायरीने. मी स्वतः जाऊन बसवून आलो, गणितही समजावले. नाथाजीला गणित पटले.

पाटी काढायची राहून गेली.

२२ डिसेंबर, रविवार.

दोन नंबरात आठवड्याच्या चार पावल्या. सगळ्या नव्या. नाताळसाठी एक आणि तीन नंबर भरले आहेत, त्यामुळे उत्पन्न बुडाले नाही. मुंबईची मुले मीटरची मूठ खेळणे समजून फिरवतात. आवार भरले की आवाज फार होतो. ही असती तर तिला आवडला असता.

दुपारी राहीबाई म्हणाली, "मास्तर, ह्यो दिवा लय बारीक हाय. कोपरं दिसत न्हाईत त्याला."

"सवय होईल."

मग म्हणाली, "मी कोपऱ्यात बसते. मी बसले म्हंजे कोपरा हाय ह्ये त्याला कळतंय."

"रात्रभर?"

"चार कोपरं हायती," ती म्हणाली. "मी एकली."

मी तिला आणखी काही दिवस धीर धरायला सांगितले.

५ जानेवारी १९४७, रविवार.

हिशेब जुळला. विजेचे बिल भागून वर शिल्लक आहे. मधुकरला लिहिले. त्याने शब्द दिला आहे, तो पाळेल. मी इथे राहणार.

दिवसभर कोणाला तरी सांगावेसे वाटत होते. नाताळचे लोक गेले. नाथाजी दोन दिवस ओसरीवर आलेला नाही. त्याच्या आईने सांगितले, दिसाचा झोपतो आता.

अकरा राणीछाप पावल्या वाईला नेऊन मोडायच्या आहेत.

११ जानेवारी, शनिवार.

वाईला गेलो. आकाराम सोनाराने पावल्या तळहातावर घेतल्या, एकेक फिरवून कड पाहिली. मी भाव विचारला. तो भाव सांगेना.

"मास्तर, ह्या आल्या कुठनं तुमच्याकडं?"

"भाडेकरूकडून."

"माळेतल्या आहेत. ही बघा, इथं कडी होती. घरच्या घरी घासलीय, चाकूनं नाहीतर खिळ्यानं." त्याने एक नाणे माझ्या डोळ्यांसमोर धरले. "खेड्याकडं सासू सुनेच्या गळ्यात घालते ही माळ. पोटाला नसलं तरी मोडत नाहीत. बाई गेली बिली का कोण?"

"नाही," मी म्हटले. "दिवा लावला."

त्याला कळले नाही. मी समजावले नाही.

कड्या परत बसवून माळ ओवायला सांगितले. म्हणाला, दोन तास लागतील, आणि अशा माळेला बारा लागतात, एक कमी आहे. घाटावर जाऊन बसलो. कृष्णेचे पाणी उतरले आहे. दुपारची मोटार गेली ती बसल्या जागेवरून पाहिली.

संध्याकाळी परत आलो तो दिवेलागण झाली होती. खिशात माळ. वाटेत ठरवत होतो, चांदी म्हणजे पैसा की दागिना? दागिना द्यायला तिन्हीसांजेला हरकत असेल का? पसरणीचा घाट संपेपर्यंत ठरले नाही.

दोन नंबर बंद होते. दाराला कडी परत बसवलेली, चारही स्क्रू घट्ट. कुलूप नाही. आत खिडकीत पंधराचा दिवा कागदात गुंडाळून ठेवलेला. चाळीसचा जागेवर. मीटरवरची पाटी काढून तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले:

'मास्तर, संक्रांत घरी करायची म्हणते आई, म्हणून जातो. तुम्ही दिसला नाहीत. रिकामं घर अंधारात सोडू नये म्हणून तिनं एक पावली घालून ठेवली आहे. वीज शिकवली त्याबद्दल आभारी आहे. नाथाजी.'

अक्षर चांगले आहे. मी त्याला काही लिहायला कधी सांगितले नाही.

बटण दाबले. दिवा लागला. हे तिथेच बसून लिहितो आहे. चारही कोपरे दिसतात. एका कोपऱ्यात भिंतीचा चुना पाठीच्या उंचीवर घासून गेला आहे. दुसऱ्याही. चारही.

घरी जायला हवे. पण दिवा चालू आहे.

१२ जानेवारी, रविवार.

सातच्या सुमाराला दिवा संपला असावा. तोवर खोलीत ऊन आले होते, गेला ते कळलेच नाही.

पेटी उघडली. वाटले होते बारावी राणीछाप निघेल. निघाली नवी, निकेलची. म्हणजे एक तिने ठेवली. एका नाण्याची माळ होत नाही. चालताना वाजतही नसेल.

मधुकरचे पत्र काल मी वाईला असताना आले होते, ते दुपारी उघडले. हिशेब पाहिला, ठीक आहे, आपण राहावे. मागच्या खोलीत सूनबाई, चारुलता, शिवणयंत्र ठेवणार आहे. एक नंबरच्या फरशीवर नाथाजीसाठी काढलेली आकृती अजून आहे. मुंबईच्या मुलांनी चकतीला डोळे काढले आहेत.

मी हिचा नियम पाळला असे इतके दिवस समजत होतो. ती पैसे देत नसे, हे खरे. पण नाही म्हटलेल्या माणसाला ती दारातून तसेच परत पाठवत नसे. आत बोलावी. पाट मांडी. अंधार पडून माणूस जेवायला बसेपर्यंत बोलत राही. ते मी विसरलो होतो. नियमातले तेवढेच विसरलो.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आठच्या मोटारीने निघतो. साताऱ्याला मोटार बदलायची. पुढची वडूजला दिवेलागणीला पोहोचते, असे अड्ड्यावर सांगितले.

त्या वेळी माळ देता येणार नाही. नियम देणाऱ्याच्या घरापुरता आहे की वेळेपुरता, हे हिला विचारायला हवे होते. मी वेळेपुरता धरतो. म्हणजे माळ दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच द्यायची, आणि तोवर तिथे थांबणे आले.

स्टोव्हसाठी साठवलेले राकेल डब्यात भरून घेतले आहे. तीन बाटल्या भरतील. मोठ्या वातीचा कंदील घेतला. काच पुसली. चारही कोपरे दिसायला तो खोलीच्या मध्यावर टांगावा लागेल. तसा हूक तिथे नसेल, म्हणून एक हूक आणि पुडीत चार स्क्रूही घेतले.